युडीसीपीआरने तुमच्या एरियात नक्की काय केलं ते स्वतः कसं मोजायचं (पुण्याचं उदाहरण धरून)

२ डिसेंबर २०२० ला राज्य सरकारने युडीसीपीआर (युनिफाइड डेव्हलपमेंट कंट्रोल अँड प्रमोशन रेग्युलेशन्स) मंजूर केला, म्हणजे मुंबई महापालिका, एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचा भाग), हिल स्टेशनच्या नगरपालिका, लोणावळा, इको सेन्सिटिव्ह भाग असे काही अपवाद सोडले तर सगळ्या महाराष्ट्राला बांधकामाची एकच नियमावली. तेव्हापासून पुण्यात दोन प्रकारची माणसं भेटतात, एक म्हणतात "याने रिडेव्हलपमेंट सुरू झाली, घरं वाढली", आणि दुसरे म्हणतात "शहराची वाट लावली". दोघांनाही विचारा की कशावरून, तर एक त्याच्या सोसायटीचं सांगणार आणि दुसरा त्याच्या गल्लीतल्या ट्रॅफिकचं.

मी गेली दोन वर्षं आमच्या भागातल्या चारपाच जणांबरोबर हे मोजायचा उद्योग करतोय, त्यात बऱ्याच चुका केल्या, काही आकडे तर लोकांना पाठवून नंतर मागे घ्यावे लागले. त्यावरून जी पद्धत ठरली ती इथे लिहितो. इंजिनिअर असायची गरज नाही, एक्सेल शीट, मोजायची टेप आणि शनिवार रविवार मोकळे पाहिजेत.

आधी प्रश्न बारीक करा

"नियमावली चांगली की वाईट" याचं उत्तर कुठल्याच शीटमधून निघणार नाही. त्यापेक्षा असं विचारा: माझ्या प्रभागात या नियमामुळे निव्वळ किती घरं वाढली? कुठल्या रस्त्यांवर? केवढ्या साइजची? त्यात लोक राहायला आले का? आणि पाणी, ड्रेनेज, पार्किंगवर किती लोड आला? हे प्रश्न वेगवेगळे ठेवा. घरं वाढली आणि पाणी कमी पडलं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

नियम नक्की काय बदलला ते कागदावर काढा (इथेच सगळे फसतात)

लोक म्हणतात "एफएसआय १.१० वरून ३ झाला". एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं तो आकडा. हे वाक्य दोन ठिकाणी चुकतं.

पहिलं म्हणजे सरसकट ३ कुणालाच नाही, सगळं रस्त्याच्या रुंदीवर आहे. २०२० च्या मूळ तक्त्यात, गावठाण आणि दाट वस्ती सोडून बाकीच्या भागात, महापालिका हद्दीत बेसिक एफएसआय १.१०. रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर तेवढाच, वर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही, टीडीआर (दुसऱ्या जागेचे विकत घेतलेले बांधकाम हक्क) नाही. ९ ते १२ मीटरला प्रीमियम ०.५० आणि टीडीआर ०.४०, एकूण २.००. पुढे १२ ते १५ ला २.२५, १५ ते २४ ला २.५०, २४ ते ३० ला २.७५ आणि ३० मीटर किंवा जास्त असेल तर ३.००. मधल्या काळात सुधारणा निघालेल्या आहेत, त्यामुळे तुमच्या बिल्डिंगच्या मंजुरीच्या तारखेला जो तक्ता लागू होता तोच धरायचा, आजचा नाही.

दुसरं आणि जास्त महत्त्वाचं, एफएसआय मोजायची फूटपट्टीच बदलली. आधी बाल्कनी, जिना, लिफ्ट, पॅसेज यातलं बरंच काही एफएसआयच्या बाहेर होतं, काही फुकट, काही पैसे भरून. युडीसीपीआरमध्ये पी-लाइन आली, म्हणजे मजल्याची बाहेरची रेघ आखायची आणि आतलं सगळं एफएसआयमध्ये मोजायचं, फक्त पार्किंग, पाण्याच्या टाक्या, रिफ्यूज एरिया अशा काही गोष्टी वगळून. आता सगळंच मोजलं तर घर लहान होणार, म्हणून त्याबदल्यात अ‍ॅन्सिलरी एफएसआय दिला, रहिवासी बांधकामाला ६० टक्के आणि बाकीच्यांना ८० टक्के, प्रीमियम भरून.

म्हणजे १००० चौरस मीटरचा प्लॉट धरा. ९ ते १२ मीटर रस्त्यावर असेल तर २००० अधिक त्याचे ६० टक्के १२००, एकूण ३२०० चौरस मीटर पी-लाइन एरिया. तोच प्लॉट ८ मीटरच्या गल्लीत असेल तर ११०० अधिक ६६०, म्हणजे १७६०. एका मीटरच्या फरकाने बांधकाम जवळजवळ १.८ पट! पण हा ३२०० चा आकडा २०१८ च्या मंजूर नकाशातल्या एफएसआयशेजारी ठेवून "बघा केवढं वाढलं" म्हणालात तर तुम्ही किलोची तुलना शेराशी करताय. आम्ही पहिल्यांदा नेमकं हेच केलं होतं.

उपाय सोपा आहे, एफएसआय शब्दच सोडून द्या आणि "प्लॉटच्या १०० चौरस मीटरमागे किती कार्पेट आणि किती फ्लॅट" एवढंच मोजा. जुन्या नव्या दोन्ही बिल्डिंगना ते लागू होतं. रेराच्या (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा) व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात पण बाल्कनी धरत नाहीत, तेव्हा बाल्कनीचा कॉलम वेगळा ठेवा, नाहीतर बाल्कनी खोलीत घेतलेली जुनी घरं उगाच मोठी दिसतात.

तारखांची पट्टी बनवा

भिंतीवर लावता येईल अशी एक लांब पट्टी, आणि त्या काळात बांधकामावर परिणाम करणारं जे जे घडलं ते सगळं त्यावर. पुण्यासाठी माझ्या पट्टीवर हे आहे: जानेवारी २०१७ ला जुन्या हद्दीचा विकास आराखडा आणि त्याची नियमावली मंजूर, १ मे २०१७ पासून रेरा, एप्रिल २०१९ ला जीएसटीचे दर बदलले, मार्च २०२० ला लॉकडाऊन, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० स्टँप ड्युटीत ३ टक्के सूट आणि पुढे मार्च २०२१ पर्यंत २ टक्के, मध्येच डिसेंबर २०२० ला आपला युडीसीपीआर, जानेवारी २०२१ ला सरकारने बिल्डरांना प्रीमियममध्ये ५० टक्के सवलत दिली ती २०२१ संपेपर्यंत, आणि ६ मार्च २०२२ ला वनाझ ते गरवारे मेट्रो सुरू.

आता सांगा, २०२१ मध्ये परवानग्या वाढल्या त्या नियमामुळे का अर्ध्या प्रीमियममुळे? प्रीमियम एफएसआयचा दर जमिनीच्या रेडीरेकनरच्या ३५ टक्के असतो, तो निम्म्यावर आला तर दोन वर्षांनी करायचं काम कुणीही त्याच वर्षी उरकून घेणार. म्हणून नुसतं आधी आणि नंतर बघून काही कळत नाही, त्यावर पुढे येतो.

हद्द पण बघा. पुणे महापालिकेत ऑक्टोबर २०१७ ला ११ गावं आली, ३० जून २०२१ ला अजून २३, आणि २०२४ ला फुरसुंगी, उरुळी देवाची बाहेर काढली. "महापालिका हद्दीत परवानग्या एवढ्या टक्के वाढल्या" अशी बातमी दिसली की पहिला प्रश्न हाच, हद्द तीच आहे का? २०१७ च्या हद्दीवर बोट ठेवा आणि तेवढ्यातलंच मोजा.

कुठल्या गल्ल्या घ्यायच्या

सगळं शहर मोजायच्या भानगडीत पडू नका. नियमानेच आपल्याला एक आयती रेघ दिलीये, ९ मीटरची. रेघेच्या एका बाजूला नियमाने खूप दिलं, दुसऱ्या बाजूला जवळपास काही नाही. तर दोन गट करा: ९ ते १२ मीटर रस्त्यांवरचे प्लॉट, आणि ६ मीटरच्या वर पण ९ च्या आतले. दोन्ही एकाच पेठेतले नाही तर एकाच उपनगरातले, साधारण त्याच वयाच्या बिल्डिंग, तोच भाव. कर्वे रोडवरचा प्लॉट आणि आतल्या बोळातला प्लॉट अशी जोडी लावू नका, कर्वे रोडवर दुकानं, मेट्रो, सगळंच वेगळं. प्रत्येक गटात ३०-४० प्लॉट पुरतात.

तीन गोष्टी सांभाळा. रस्त्याची रुंदी टेपने मोजा आणि आराखड्यातही बघा, दोन्ही लिहा, कारण आराखड्यात ९ आणि जागेवर साडेसात हे आपल्याकडे नवीन नाही आणि परवानगी कुठल्या आकड्यावर मिळाली हे फाइलमध्येच कळतं. दुसरं, काही रस्ते मधल्या काळात रुंद ठरवले गेलेत. पुण्यात २०२० साली ६ मीटरचे ३२३ रस्ते ९ मीटर करायचा प्रस्ताव गाजला होता, तो आठवत असेलच. शिवाय समोरची पट्टी सोडून दिली तर रुंद रस्त्याचा फायदा मिळायची तरतूद नियमात आहे, पण रस्ता चौकापासून चौकापर्यंत रुंद व्हायला हवा. असे प्लॉट तिसऱ्या गटात टाका, "बदललेले" म्हणून. तिसरं, मेट्रो स्टेशनजवळ टीओडीचे (स्टेशनलगत जास्त बांधायला देणारे) नियम वेगळे आहेत, ते प्लॉट सरळ बाजूला काढा. गावठाणाचा तक्ताही वेगळा, त्याला यात मिसळू नका.

आकडे कुठून आणायचे

महारेराची साइट सगळ्यात सोपी. प्रोजेक्टचं नाव टाकलं की फ्लॅट किती, कार्पेट किती, पूर्ण व्हायची तारीख, बुकिंग किती, मंजूर नकाशे, सगळं दिसतं. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला किंवा ८ फ्लॅटपर्यंतच्या प्रोजेक्टला रेरा नोंदणी लागत नाही, आणि पुण्यात बंगला पाडून आठ फ्लॅट हा तर धंद्याचा ठरलेला साचा आहे, ते सगळे इथून गायब. रिडेव्हलपमेंटमध्ये जुन्या सभासदांचे फ्लॅट पण विक्रीच्या यादीत वेगळे दिसतात किंवा दिसतच नाहीत. म्हणजे नुसत्या रेरावर शीट भरली तर लहान प्लॉट शून्य आणि मोठे अर्धवट.

मग आरटीआय. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, ३० दिवस. काय मागायचं ते नीट मागा, कारण "युडीसीपीआरनंतर किती परवानग्या दिल्या" असं विचारलं की एक आकडा येतो आणि त्याचा काही उपयोग नसतो. मला एका ऑफिसातून असाच एक आकडा आला होता, दणदणीत मोठा, आणि नंतर कळलं की त्यात एकाच बिल्डिंगचे सुधारित नकाशे चार चार वेळा मोजलेत. नियम बदलला तेव्हा चालू कामांनाही नव्या नियमात यायची मुभा होती, त्यामुळे पहिल्या वर्षात सुधारित मंजुऱ्यांची लाटच आली, नवीन बिल्डिंग त्यात थोड्याच. असं मागा:

"जानेवारी २०१७ पासून आजपर्यंत अमुक प्रभागातील बांधकाम परवानग्यांची यादी, प्रत्येक नोंदीत सर्व्हे नंबर किंवा सिटीएस नंबर, परवानगी नवीन की सुधारित, पहिल्या परवानगीची तारीख, कोणत्या नियमावलीखाली मंजूर, प्लॉटचे क्षेत्र, समोरील रस्त्याची रुंदी, पूर्वी अस्तित्वात असलेल्या व प्रस्तावित सदनिकांची संख्या, आणि भोगवटापत्र दिले असल्यास त्याची तारीख."

यादी मिळत नाही म्हणाले तर फाइल बघायची परवानगी मागा, कायद्यात तपासणीचा हक्क आहे. आणि बोलताना "सीसी" शब्द टाळा, कोण त्याचा अर्थ कमेन्समेंट घेतं, कोण कंप्लीशन, आमचा एक सबंध कॉलम यात वाया गेला.

किमतीसाठी आयजीआरच्या (नोंदणी विभागाच्या) साइटवर ई-सर्च आहे, गाव आणि मिळकत नंबर टाकून इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) बघता येतं. रेडीरेकनरवर किमतीचा निष्कर्ष काढू नका, तो सरकारने ठरवलेला दर आहे, काही वर्षं तो वाढवलाच नव्हता म्हणून घरं काय स्वस्त राहिली नव्हती. भाड्यासाठी लिव्ह अँड लायसन्स करार, ते आपल्याकडे नोंदवणं सक्तीचं आहे त्यामुळे वर्गणी मागणाऱ्या पोर्टलपेक्षा हा माल खरा.

आणि शेवटी पायी फिरा, खरंच. गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांचे फोटो दिसतात, बंगला कुठल्या साली पडला ते कळतं. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये महावितरणच्या मीटरचं पॅनल असतं, मीटर मोजा, कॉमन मीटर वजा करा, फ्लॅटचा आकडा वॉचमनपेक्षा अचूक मिळतो (वॉचमनला आधी विचारा मात्र, मीटरचे फोटो काढणाऱ्याकडे लोक संशयानेच बघतात). आणि रात्री साडेआठला एक चक्कर मारून किती खिडक्यांत लाइट आहे ते बघा. एका दिवसाचं धरू नका, तीन वेगळ्या आठवड्यात जा, सणाच्या आणि सुट्टीच्या दिवसात नको.

शीट भरताना

एक ओळ म्हणजे एक प्लॉट, एक परवानगी नाही. कॉलम: रस्ता, गट, जुने फ्लॅट, नवे फ्लॅट, निव्वळ वाढ, कार्पेट, पहिल्या मंजुरीची तारीख, कुठल्या नियमाखाली, बांधकाम कुठवर आलं, भोगवटापत्र, मीटर.

निव्वळ वाढ हा कॉलम म्हणजे सगळ्या शीटचा जीव. २४ फ्लॅटची सोसायटी पाडून ६० चा टॉवर झाला तर जाहिरातीत ६० घरं, पण शहरात ३६ वाढली. आणि जुने सभासद मोठे फ्लॅट घेतात, त्यामुळे बांधकाम अडीच पट होऊनही घरं दीड पटच वाढलीत असं सर्रास दिसतं. शिवाय काम चालू असेपर्यंत ती २४ कुटुंबं आसपासच भाड्याने राहतात, शाळा जवळ पाहिजे, आईवडिलांचा डॉक्टर जवळ पाहिजे, म्हणजे ती तीनचार वर्षं त्या भागातली घरं उलट कमी झालेली असतात आणि भाडं चढतं. एका भागात दहा सोसायट्या एकदम पाडल्या की भाडेकरूला नियम वाईटच वाटणार, आणि त्या काळापुरतं त्याचं बरोबरच आहे.

बिल्डिंग कुठल्या खात्यात टाकायची ते पहिल्या मंजुरीच्या तारखेवरून आणि नियमावरून ठरवा, पूर्ण झाल्याच्या तारखेवरून नाही. २०२२ मध्ये ताबा दिलेली बिल्डिंग बहुतेक जुन्या नियमाची असते. आणि जुन्या बिल्डिंगना पूर्ण व्हायला जास्त वर्षं मिळालीत हेही लक्षात ठेवा, म्हणून तुलना "पहिल्या मंजुरीपासून ४ वर्षांत ताबा दिला का" अशी करा. नुसती परवानगी म्हणजे घर नव्हे, एमआरटीपी कायद्याच्या (राज्याचा नगररचना कायदा) कलम ४८ प्रमाणे ती एक वर्षाची, वाढवत वाढवत एकूण चार वर्षं, तोवर जोत्यापर्यंतही (प्लिंथ) काम झालं नसेल तर गेली. अशा मेलेल्या परवानग्या शीटमध्ये ठेवा पण लाल रंगात.

तुलना कशी करायची

इथे आकडे काल्पनिक आहेत, पद्धत कळावी म्हणून. समजा दोन्ही गटात ४० प्लॉट. रुंद रस्त्याच्या गटात नियमाआधीच्या चार वर्षांत निव्वळ ६० घरांना मंजुरी, नंतरच्या चार वर्षांत १५०. अरुंद गटात आधी ३०, नंतर ५०. अरुंद गटातली २० ची वाढ नियमाने नाही, ती बाजार, स्टँप ड्युटी, कोविडनंतरची मागणी यांची. रुंद गटात ९० वाढली, त्यातून २० वजा केली तर ७० नियमाच्या खात्यात. पण पटीत बघा, अरुंद गट १.६७ पट झाला, रुंद गट त्याच पटीने वाढला असता तर १०० झाला असता, म्हणजे नियमाचे फक्त ५०. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, तर "५० ते ७०" असं लिहा. ज्याला जे सोयीचं ते एकच उचलणं ही आपल्याकडची जुनी खोड.

अजून एक शंका घ्या. बिल्डरकडे पैसा आणि माणसं मर्यादित असतात. नियम आल्यावर त्याने अरुंद गल्लीतलं काम सोडून रुंद रस्त्यावरचं घेतलं असेल तर अरुंद गटाचा आकडा नियमामुळेच पडलेला असतो आणि तुमचा फरक फुगतो. ऑकलंडने २०१६ मध्ये बहुतेक रहिवासी भागात जास्त घरांना परवानगी दिली, त्याचा अभ्यास झाला तेव्हा वाद नेमका याच मुद्द्यावर झाला. आपल्या पातळीवर तपासायचा मार्ग म्हणजे दोन्ही गटात काम करणाऱ्या दोनतीन बिल्डर आणि आर्किटेक्टना चहाला बोलवा. ते मोकळेपणाने सांगतात, "आतल्या गल्लीत परवडतच नाही साहेब" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय.

आणि कुठल्या कलमाने काय केलं ते सुटं करा. मिनिआपोलिसमध्ये एका प्लॉटवर तीन घरांच्या परवानगीचा बोलबाला झाला, पण तशी घरं फार थोडी झाली, खरं काम पार्किंगची सक्ती काढल्याने आणि मोठ्या रस्त्यांवर उंच बांधायला दिल्याने झालं. २०१७ ते २०२२ मध्ये तिथे घरं १२ टक्के वाढली आणि भाडं फक्त १ टक्का, बाकी मिनेसोटात भाडं १४ टक्के वाढलं. उलट शिकागोत ट्रान्झिटजवळ जास्त बांधायला दिलं तर पाच वर्षांत जमिनीचे भाव वाढले, बांधकाम नाही. तुमच्या शीटमध्येही अरुंद गल्लीतल्या १५० चौरस मीटरच्या आतल्या प्लॉटला मिळालेली सोपी परवानगी आणि रुंद रस्त्यावरचा टीडीआर हे वेगळे कॉलम असू द्या.

लोड किती आला

इथे मी थोडक्यात सांगतो कारण हे भागागणिक बदलतं. पाण्यासाठी सोसायटीच्या मीटिंगची टँकर बिलं मागा, महिन्याला किती टँकर, फ्लॅटमागे किती. नियमाआधीची दोन वर्षं आणि नंतरची, पण उन्हाळा उन्हाळ्याशीच लावा, आणि खडकवासला साखळीत त्या वर्षी पाणी किती होतं ते शेजारी लिहा, नाहीतर कमी पावसाचं पाप नियमाच्या माथी. पार्किंगसाठी रात्री अकराला रस्त्यावरच्या गाड्या मोजा, पण बिल्डिंगमधली पार्किंग रिकामी आहे का तेही बघा, आमच्याकडे दोन नव्या बिल्डिंगमध्ये खाली मेकॅनिकल पार्किंग बंद पडलेलं आणि वर रस्ता भरलेला. झाडांची परवानगी वेगळी असते, तिच्या नोटिसा पेपरात येतात, त्यांची कात्रणं ठेवा.

फ्लॅटच्या साइजकडे मात्र वेळ द्या. सरासरी काढू नका, मधला आकडा काढा, कारण एक पेंटहाऊस सगळी सरासरी बिघडवतं. आणि ४५ चौरस मीटर कार्पेटच्या आतले फ्लॅट जुन्या बिल्डिंगमध्ये किती होते, नव्यात किती, हे वेगळं मोजा. वन बीएचके पाडून थ्री बीएचके होत असतील तर घरं वाढली तरी कुणासाठी वाढली ते इथे दिसतं.

निकाल लिहिताना

वाक्य असं लिहा: "अमुक भागातल्या ८० प्लॉटमध्ये, डिसेंबर २०२० ते नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या कामांतून, नियमामुळे निव्वळ इतकी ते इतकी घरं वाढली असावीत, त्यातली इतकी आजपर्यंत ताब्यात." शहराबद्दल बोलू नका, तुम्ही शहर मोजलं नाहीये. शीट सगळ्यांना खुली ठेवा, विरोधी मताच्या एकाला तरी आधी दाखवा, आमच्या शीटमधली सगळ्यात मोठी चूक अशाच एका काकांनी काढली, त्यांनी एक सोसायटी दोन सिटीएस नंबरवर दोनदा मोजलेली पकडली.

दर डिसेंबरला परत मोजणी करा, आणि मीटरच्या पॅनलचा फोटो काढताना फाइलच्या नावात तारीख आणि प्लॉट नंबर तिथेच उभं राहून टाका. घरी येऊन टाकू म्हणालात तर सगळी पॅनलं सारखीच दिसतात.